महाविद्यालयाचे पहिले वर्ष : भीती मुलांची, जबाबदारी आपली

गेल्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपली होती. विहारातल्या सतरंज्या आम्ही गोळा करीत होतो. शेजारच्या ताई मात्र दाराशी घुटमळत उभ्या राहिल्या. सगळे गेल्यावर हळूच म्हणाल्या, "भाऊ, पोरीचा डबा आठ दिवस झाले तसाच परत येतोय. विचारलं तर म्हणते भूक नसते. तुम्ही एकदा बोलाल का तिच्याशी?"

संध्याकाळी आमच्या सहचारिणीने तिला चहाला बोलावले. बराच वेळ मुलगी कपाकडे बघत बसली. मग एकदम म्हणाली, "काका, मी पंधरा दिवस कॉलेजात गेलेच नाहीये."

रोज पावणेसातला घरातून निघायची. गाडी पकडायची, कॉलेजच्या स्टेशनवर उतरायची आणि फलाटाच्या अगदी टोकाच्या बाकड्यावर बसून राहायची. बारा वाजले की परतीची गाडी. जवळ पास होता, त्यामुळे कोणी हटकले नाही. का जात नाहीस, असे विचारल्यावर तिने जे उत्तर दिले ते आम्ही अजून विसरलो नाही. "काका, तिथं सगळ्यांना सगळं माहीत असतं. मलाच काही माहीत नसतं."

हीच मुलगी बारावीला ७१ टक्के गुण मिळवून आली होती. घरातली पहिली बारावी पास. जून महिन्यात आपणच तिचा विहारात सत्कार केला होता. पुष्पगुच्छ दिला, पेन दिले, भाषणे केली, फोटो काढले. जूनमध्ये जिचा सत्कार झाला ती मुलगी ऑगस्टमध्ये फलाटावर एकटी बसली होती. मधल्या दोन महिन्यांत आपल्यापैकी एकानेही तिला विचारले नाही की बाई गं, तुझे तिथे कसे चालले आहे? यात आम्हीही आलोच. म्हणूनच हा लेख.

आम्हीही त्या बाकड्यावर बसलो होतो

मुलीला आम्ही उपदेश केला नाही. आमचीच गोष्ट सांगितली. ती येथेही सांगतो, कारण आपल्या अनेक वाचकांची ती गोष्ट असेल.

१९९८ साली आम्ही एफ.वाय.बी.कॉम.ला प्रवेश घेतला. वडील महापालिकेच्या सफाई खात्यात. शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची. बारावीपर्यंत पुस्तपालन हा आमचा हातखंडा विषय. घसाऱ्याची गणिते तर आम्ही वस्तीतल्या मुलांना शिकवायचो. पण महाविद्यालयाच्या त्या मोठ्या वर्गात सव्वाशे मुले, पंखे गरगरणारे, आणि सर बोलणार ते सगळे इंग्रजीत. दुसऱ्याच आठवड्यात सरांनी नेमके आमच्याकडे बोट दाखवून विचारले, "व्हॉट इज डेप्रिसिएशन?" आम्ही उभे राहिलो आणि उभेच राहिलो. शेजारच्या मुलाने उत्तर दिले, तेव्हा फळ्यावर सरांनी मांडलेला हिशेब पाहून आमच्या लक्षात आले की, अरे, हा तर आपला घसारा! उत्तर आम्हाला येत होते. फक्त त्याचे नाव येत नव्हते. पण ते त्या वर्गात कोणाला कळणार?

दुसरा प्रसंग त्याहून कडू आहे. तास चालू असताना कार्यालयातले एक गृहस्थ वर्गात आले आणि मोठ्याने म्हणाले, "जी.ओ.आय.वाले उभे राहा." भारत सरकारची शिष्यवृत्ती घेणारे ते जी.ओ.आय.वाले. आम्ही वीसेक जण उभे राहिलो. मागच्या बाकावरून कोणीतरी "फुकटवाले" असे म्हणाले आणि हशा पिकला. त्या महाविद्यालयाचे नाव आम्ही लिहीत नाही. त्या काळी असे अनेक ठिकाणी चालायचे.

या प्रसंगानंतर आम्ही कार्यालयाकडे फिरकलोच नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज तसाच दप्तरात राहिला. मुदत संपली. डिसेंबरात शुल्काची नोटीस लागली तेव्हा वडिलांनी पतपेढीतून अडीच हजार रुपये कर्ज काढले आणि दोन वर्षे पगारातून फेडले. आमच्या शरमेचे हप्ते आमच्या बापाने भरले. जे पैसे आमच्या हक्काचे होते ते आम्ही लाजेपायी सोडले होते. आज दर पावसाळ्यात आम्ही विहारात टेबल टाकून मुलांचे अर्ज भरून देतो, त्याचे खरे कारण हे आहे.

त्या काळात आम्हीही कॉलेज बुडवून फिरत होतो. आमच्याच चाळीतला, तिसऱ्या वर्षाला असलेला एक दादा होता. त्याने आम्हाला दुपारच्या वेळी रस्त्यात पाहिले. रागावला नाही. घरी येऊन एक शंभर पानी वही पुढे टाकली. तिच्या प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे रोजकीर्द, उजवीकडे जर्नल. डावीकडे खतावणी, उजवीकडे लेजर. तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स. ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट. धनको म्हणजे क्रेडिटर, ऋणको म्हणजे डेटर. आणि तिसऱ्या पानावर, घसारा म्हणजे डेप्रिसिएशन. दादा म्हणाला, "तुला नव्यानं शिकायचं नाहीये रे. येतंय त्याचं दुसरं नाव शिकायचंय."

आमची पदवी त्या शंभर पानी वहीवर उभी आहे.

बाबासाहेबांचेही पहिले वर्ष होते

आपण बाबासाहेबांचा कोट घातलेला, हातात ग्रंथ घेतलेला फोटो घरात लावतो. मुलांना वाटते, असा माणूस कधी बुजलाच नसेल. पण त्यांचेही पहिले वर्ष होतेच. १९०७ साली मॅट्रिक होऊन ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात गेले. पुढे सयाजीराव गायकवाड महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून शिक्षण तडीला गेले. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले तेव्हा वय अवघे २२. देश परका, हवा परकी. सुरुवातीला ते हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले. तिथे जमले नाही, म्हणून दुसरीकडे गेले आणि पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये आले. तेथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची मैत्री जुळली आणि ती जन्मभर टिकली.

यातून मुलांनी दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, सुरुवातीची जागा जमली नाही तर बदलता येते. जागा बदलणे म्हणजे शिक्षण सोडणे नव्हे. दुसरी, परक्या ठिकाणी एक जिवाचा मित्र मिळाला की अर्धी लढाई जिंकली. तो आपल्या जातीचा, आपल्या गावचा असलाच पाहिजे असे नाही.

पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला कशाची गरज असते हे बाबासाहेबांना अनुभवाने माहीत होते. म्हणून बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले. पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली ती १९४५ साली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तिथे नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालयाचे काम सुरू झाले. मुलाला नुसता प्रवेश मिळून भागत नाही. त्याला निवारा लागतो, सोयीची वेळ लागते, आधार लागतो. एवढा विचार त्यांनी केला. आपण पुष्पगुच्छावर थांबलो.

आजचे पहिले वर्ष अधिक घाईचे आहे

आमच्या वेळी परीक्षा वर्षाअखेर असे. दिवाळीपर्यंत बुजून राहिलो तरी पुढे सावरायला चार महिने मिळत. आता सत्र पद्धत आहे. जून-जुलैत प्रवेश, गणपती-दसऱ्यात अंतर्गत चाचण्या, आणि दिवाळीच्या आगेमागे पहिल्या सत्राची परीक्षा. रुळायला वेळच नाही. दोन महिने फलाटावर बसलेल्या मुलीचे सत्र जवळजवळ संपलेले असते.

त्यात नव्या शैक्षणिक धोरणाची भर. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून सर्वसाधारण महाविद्यालयांतूनही त्याची अंमलबजावणी सुरू झाली. आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे विषय मुलांनीच निवडायचे असतात. वर्षाला साधारण ४० ते ४४ क्रेडिट मिळवायची आणि ती अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा व्हायची. ज्या घरात आई-वडील शिकलेले आहेत तिथे यावर जेवताना चर्चा होते. आमच्या शेजारच्या या मुलीने काय केले? रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुलीने जे विषय लिहिले तेच हिनेही लिहिले.

याच धोरणात एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. कोणावर खरोखर वेळ आली तर मिळवलेले क्रेडिट वाया जात नाही, पुन्हा येता येते, हे चांगलेच आहे. पण पालकांनो, ही सोय आपल्या घरात शिक्षण सोडण्याचे निमित्त होऊ देऊ नका. "एक सर्टिफिकेट मिळालं ना, आता कामाला लाग," असे म्हणणारे नातेवाईक आपल्याकडे कमी नाहीत. एका वर्षाचे प्रमाणपत्र ही पदवी नव्हे.

विद्यार्थ्यांनो, एवढे करा

आम्ही स्वतः आज एका कार्यालयात कारकून आहोत. टेबलाच्या या बाजूला बसल्यावर काही गोष्टी कळल्या, त्या अगदी मोकळेपणाने सांगतो.

पहिली गोष्ट. खिडकीपलीकडचा माणूस खेकसला तर ते मनावर घेऊ नका. त्याने सकाळपासून तोच प्रश्न दोनशेवेळा ऐकलेला असतो. याचा अर्थ तुम्ही दोनशे एकावे विचारू नये असा नाही. विचारा. समजले नाही तर पुन्हा विचारा. तुमच्यासारख्यांच्या कामासाठीच ती खिडकी आहे.

दुसरी गोष्ट. जो कागद दिला त्याची पोच घ्या. पोच नसेल तर तो कागद दिलाच नाही असे समजा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला यांच्या पाच-पाच झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत कायम तयार ठेवा. मूळ कागद विनाकारण कोणाच्या हाती देऊ नका. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचे काम बारावीतच उरका; ऐन प्रवेशाच्या वेळी ते मिळत नाही.

तिसरी गोष्ट. शिष्यवृत्तीचा अर्ज आता महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचा असतो. वर्गात कोणी उभे करीत नाही, हा त्याचा मोठा फायदा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिपची चौकशी करा. बँक खाते आधारशी जोडलेले असले पाहिजे, नाहीतर पैसे अडकतात. आणि खात्यात रक्कम आली की लगेच मोबाइल घेऊ नका. त्यात महाविद्यालयाच्या शुल्काचा भागही असतो. कार्यालयात विचारून तो आधी भरा. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. ही शिष्यवृत्ती म्हणजे भीक नव्हे. तुमच्या बापाला पुन्हा पतपेढीत पाठवू नका.

चौथी गोष्ट हजेरीची. ७५ टक्के हजेरी लागते, परीक्षेलाही आणि शिष्यवृत्तीलाही. काही कळत नसले तरी वर्गात जाऊन बसा. पहिले दोन आठवडे कानाला सवय होऊ द्या. मागच्या बाकावर बसू नका; दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर बसा. तिथे सरांचे बोलणेही ऐकू येते आणि अभ्यास करणारी मुलेही भेटतात.

पाचवी गोष्ट ती वही. शास्त्र असो, कला असो, वाणिज्य असो, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. रोज दहा शब्द. तीन महिन्यांत नऊशे होतात. पहिल्या वर्षाच्या पुस्तकाला यापेक्षा फार जास्त लागत नाहीत. कला व वाणिज्य शाखेचे पेपर अनेक विद्यापीठांत मराठीतूनही लिहिता येतात. आपल्याकडे काय नियम आहे ते आधीच विचारून घ्या.

आणि शेवटची. ग्रंथालयाचे कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा. बहुतेक महाविद्यालयांत गरजू मुलांसाठी पुस्तकपेढी असते. सूचना फलक रोज वाचा, वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटात राहा. निम्मी मुले न्यूनगंडामुळे नव्हे, सूचना न कळल्यामुळे मागे पडतात. मग त्याचाच न्यूनगंड होतो.

पालकांनो, डबा बघा

आपण शिकलेलो नाही, मुलाला काय विचारणार, असे अनेक पालक म्हणतात. शेजारच्या ताई चौथी शिकल्या आहेत. त्यांना क्रेडिट म्हणजे काय ते माहीत नाही. पण डबा परत येतोय हे त्यांनी पाहिले. मुलगी वाचली ती त्या नजरेमुळे. तेव्हा अभ्यास विचारता आला नाही तरी आज कोणाबरोबर जेवलीस, कोणते सर आले होते, मैत्रीण कुठे राहते, एवढे रोज विचारा. उत्तर तुटक येऊ लागले, मूल गप्प राहू लागले, झोप उडाली, डबा परत येऊ लागला, तर थांबू नका.

साधी भीती आणि खचणे यांत फरक आहे. भीती ओळखीने जाते. दोन मैत्रिणी झाल्या, एका चाचणीत बरे गुण पडले की ती ओसरते. पण कोणी जातीवरून बोलत असेल, छळत असेल तर ती मुलाची भित्री वृत्ती नव्हे, तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ पासून आहेत, आणि १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर केव्हाही तक्रार करता येते. मन फारच खचले असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे. तिथे बोलण्यात कमीपणा नाही. हैदराबादचा रोहित वेमुला २०१६ साली गेला, मुंबईत डॉ. पायल तडवी २०१९ साली गेली. ही दोघे पहिली पायरी कधीच चढून गेलेली, संशोधन आणि पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोचलेली मुले होती. मोर्चे आपण काढले, काढायलाच हवे होते. पण मोर्च्याची वेळ येण्याआधी मुलाशेजारी बसायची वेळ असते.

वस्तीने काय करावे

आमच्या विहारात आम्ही गेल्या वर्षीपासून एक साधी गोष्ट सुरू केली. खर्च काही नाही. पहिल्या वर्षाला गेलेल्या प्रत्येक मुलाला दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाचा एक दादा किंवा एक ताई नेमून दिली. त्यांनी पहिल्या दिवशी बरोबर जायचे. कार्यालय, ग्रंथालय, स्वच्छतागृह, कॅन्टीन आणि रेल्वे सवलतीचा अर्ज मिळतो ती खिडकी दाखवायची. मग दर रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे भेटायचे. सत्कार जूनमध्ये करू नये, पहिल्या सत्राची परीक्षा झाल्यावर करावा, असेही ठरवले. कितीही गुण पडोत, परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाचा.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यायचे असेल. दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्याबरोबर गेलो. महाविद्यालयातल्या एका मॅडमनी शांतपणे ऐकून घेतले. चाचणी पुन्हा द्यायची परवानगी मिळाली. ओपन इलेक्टिव्ह बदलण्याची मुदत मात्र गेली होती, तेव्हा तोच विषय तिला करावा लागला आणि नेमका त्यातच ती राहिली. बाकी सगळ्या विषयांत पास झाली. एक विषय राहिला म्हणून ताई रडल्या. मुलगी मात्र आईला म्हणाली, "अगं, एटीकेटी आहे ती. पुढच्या वेळी सुटेल." आणि ती सुटलीही.

यंदा जून महिन्यात वस्तीतल्या दोन मुली पहिल्या वर्षाला गेल्या. पहिल्या दिवशी त्यांना घेऊन पावणेसातच्या गाडीला हीच मुलगी निघाली होती. आम्ही ड्युटीला जाण्यासाठी त्याच फलाटावर उभे होतो. गाडी यायला वेळ होता. तिने पिशवीतून शंभर पानी वही काढली, मधोमध रेघ मारलेली, आणि त्या दोघींना काहीतरी समजावून सांगू लागली. आम्हाला तिने पाहिले नाही. आम्हीही हाक मारली नाही.